परतीचा आकडा

चटका तसा किरकोळच होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास, चाचणीकक्षातल्या लांब टेबलाशी उभ्याउभ्याच, हातात धरून बोलायच्या त्या वायरलेस संचाचे झाकण काढून आतला एक स्क्रू घट्ट बसला आहे की नाही हे पाहावे म्हणून त्याने बोट आत घातले, आणि पेराला काहीतरी डसल्यासारखे झाले. त्याने हात मागे घेतला, बोट तोंडात धरले, आणि कुणी पाहिले नाही ना हे पाहिले. कुणीच पाहिले नव्हते. खिडकीशी बसलेली तरुण इंजिनिअर भिंगाखाली काहीतरी जोडत होती. हातात सदैव चिमटा असे म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. बॅटरी किती टिकते हे पाहण्यासाठी संचाची बोलायची कळ गेली दहा मिनिटे बांधून ठेवली होती, तेव्हा आत काहीतरी तापणे साहजिकच होते. ॲम्प्लिफायर तापतो, त्याने तापायचेच असते, त्याच्यासाठी पितळेची पाठ दिलेली असते. परंतु त्याने चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिले तेव्हा त्याचे बोट ॲम्प्लिफायरला लागलेच नव्हते असे दिसले. ते लागले होते पुढच्या वेटोळ्याला : मसुराएवढा एक काळा गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे पाच वेढे. ॲम्प्लिफायर आणि अँटेना या दोघांमधला तो मध्यस्थ. एकाकडून घ्यायचे, दुसऱ्याच्या पदरात घालायचे आणि स्वतःकडे काही ठेवायचे नाही, एवढेच त्याचे काम. मध्यस्थाच्या घरात ऊब सापडली, तर ती कुणाच्या तरी वाट्यातून गेलेली असते.

त्याने कळ सोडवली आणि संच शांत झाला. आज दुपारी चार वाजता असे चाळीस संच अग्निशामक दलाच्या ताब्यात जायचे होते. जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रकारच्या वाहिन्यांवर एकाच संचातून बोलता यावे ही दलाची मागणी होती, आणि ती पूर्ण झाली आहे असा बारा पानी अहवाल चाचणीविभागाचा प्रमुख या नात्याने शुक्रवारी त्याने सही करून दिला होता. ही सही या इमारतीत हलकी समजली जात नसे. अठ्ठावीस वर्षे तो इतरांच्या चुका काढीत आला होता. अल्पविराम चुकला तरी कागद परत पाठवीत आला होता. त्याच्या पाठीमागे त्याला ‘हरकत’ म्हणत, हे त्याला ठाऊक होते, आणि आतून, कुणाला कळू न देता, ते त्याला आवडतही असे. आज हरकत रजेवर आहे का, असे कुणी जिन्यात विचारले की आपल्यावाचून हे लोक काय काय खपवतील या विचाराने त्याला घरी बसूनही चैन पडत नसे. आणि आता तोच, जळलेले बोट तोंडात धरून, स्वतःच्या अहवालाचे सातवे पान मनातल्या मनात उलटत उभा होता. सातव्या पानावर परतीचा आकडा होता.

परतीचा आकडा म्हणजे काय, हे तो नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगे. अँटेनाकडे पाठवलेली शक्ती अँटेनाला मानवली नाही तर तिच्या दारातून परत फिरते. शंभरातले किती भाग परत आले तो परतीचा आकडा. मध्ये वेटोळी आणि कपॅसिटर घालून दोघांचे जुळवून द्यायचे, म्हणजे परत येणारे कमी होते. एका वाहिनीपुरते हे जुळवणे सोपे असते. पुष्कळ वाहिन्या सामावणारा रुंद पट्टा हवा असला की मात्र निसर्ग हात आखडता घेतो. त्यासाठी त्याचा एक ठरलेला दाखला होता. जुळणी ही एक बादली पाणी आहे असे समजा, तो म्हणे. नळीत ओता, पुरुषभर उंच उभे राहील. परातीत ओता, बोटाचे पेर बुडेल. परातही हवी आणि पुरुषभर उंचीही हवी असे म्हणाल, तर दुसरी बादली कुठून आणणार? वेटोळी दोन घाला की दोनशे, ही मर्यादा कुणाच्या बापाला ओलांडता येत नाही. ती कारागिराची नाही, गणिताची आहे. या अँटेनासाठी आणि दलाला हव्या असलेल्या पट्ट्यासाठी ते गणित सांगत होते की शंभरातले दहा भाग परत येणारच. दलाने मागितले होते पाच. सातव्या पानावर होते तीन.

म्हणजे पाणी परातीत होते आणि पुरुषभर उभे होते. आणि त्याने त्याखाली सही केली होती.

हे आपल्या लक्षात आले नव्हते काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि विचारताक्षणीच त्याला जाणवले की प्रश्न नीट मांडलेला नाही. लक्षात न येणे ही एक गोष्ट, आणि लक्षात आलेले खाली बसवणे ही दुसरी. गुरुवारी दुपारी चिमटी हाच बोर्ड घेऊन त्याच्याकडे आली होती. त्याआधी तीन आठवडे आकडा अकराच्या खाली येत नव्हता, आणि मागणीपत्र आले त्याच दिवशी त्याने धाकट्या मालकांना सांगितले होते की हे होणारे नाही. धाकटे मालक हसले होते. लहानपणी ते याच टेबलाखाली बसून तारांचे तुकडे गोळा करीत, त्यामुळे अजूनही ते त्याला काका म्हणत. काका, तुम्ही असताना अशक्य कसलं, असे म्हणून त्यांनी मागणी स्वीकारून टाकली होती. त्या एका वाक्याने आपल्याला किती सुख झाले होते, हे आज दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याला प्रथमच स्वच्छ दिसले. मग बुधवारी त्याने स्वतःच खणातून तो काळा गाभा काढून चिमटीला दिला होता, हा घालून बघ, परतीचा वक्र सपाट होतो. गुरुवारी वक्र सपाट झाला होता. पडद्यावर ती रेघ तळाशी अशी पसरली होती, जशी दमलेली गाय बसते. चिमटी मात्र आनंदली नव्हती. आकडा मर्यादेच्या पलीकडे जातोय, असे तिने चाचरत विचारले होते, कुठे काही मुरत तर नसेल ना? आणि तो खुर्चीत मागे रेलला होता. मर्यादा आदर्श घटकांना लागू आहे, प्रत्यक्ष अँटेना स्वतःच थोडी शक्ती खाते, सबब प्रत्यक्षातला आकडा गणिताहून सरस येणे हे तत्त्वतः अशक्य नाही. तू गृहीतके तपासली नाहीस. तीन मुद्दे, एकामागून एक, प्रत्येक मुद्दा स्वतंत्रपणे खरा. तिचा चेहरा मुद्द्यागणिक मिटत गेला होता. बरोबर आहे सर, असे म्हणून ती बोर्ड उचलून गेली होती, आणि वाद जिंकल्यावर वाटते ते जुने, ओळखीचे समाधान वाटून त्याने चहा मागवला होता.

आता त्याने तिला हाक मारली नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हवेत किती पोचते ते दाखवणारा क्षेत्रमापक उभा केला, संच टेबलावर ठेवून कळ दाबली आणि काटा कुठे थांबतो ते लिहून घेतले. मग डाख वितळवून काळा गाभा उतरवला, जागी बिनगाभ्याचे, नुसत्या तारेचे वेटोळे बसवले. चिमटी भिंगावरून मान न उचलता पाहत असावी, कारण तिच्याकडचा आवाज बंद झाला होता. परतीचा आकडा तीनावरून अकरावर चढला. आणि पलीकडचा काटा, जणू कुणी त्याची मानगूट सोडल्यासारखा, दुपटीहून वर गेला. म्हणजे हिशेब असा होता : मर्यादेचा मान राखला असता तर दहा-अकरा परत आले असते आणि बाकीचे बहुतेक हवेत पोचले असते. आता तीनच परत येत होते, आणि शंभरातले चाळीस भागही पोचत नव्हते. उरलेले सगळे त्या मसुराएवढ्या काळ्या गाभ्यात जिरत होते, तेथे त्याची ऊब होत होती, आणि अहवालात ‘हवेत किती पोचले’ असा रकानाच नव्हता. दलाने तो मागितला नव्हता. पोचलेले मोजायची बंद खोली दोन आठवडे दुसऱ्या कामाला दिलेली होती. आणि त्याने, जो अल्पविराम सोडत नसे, त्याने परत काही येत नाही त्याअर्थी सगळे पोचले असे धरले होते.

परत काही येत नाही त्याअर्थी. हे शब्द त्याच्या डोक्यात घुटमळत राहिले. त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. घर आठवायचे काही कारण नव्हते, तरी आठवले : जेवणाचे टेबल, त्यावरचा पांढरा दिवा, आणि समोर बसलेली बायको, अकरा वर्षांपूर्वीची. दुसऱ्या शहरातल्या संगीतशाळेने तिला दोन वर्षांसाठी बोलावले होते. मुलगी तेव्हा शेवटच्या वर्गात होती. त्याने कागद घेऊन दोन रकाने आखले होते. रागावला नव्हता, तो कधीच रागावत नसे, याचा त्याला अभिमान होता. एकेक अडचण मांडून त्याने तिलाच विचारले होते, सांग, यावर तुझं उत्तर काय? सात अडचणी झाल्या. ती कागदाकडे बघत राहिली, मग बरं म्हणाली, आणि ताटे उचलली. त्यानंतर घरात वाद असा झालाच नाही. आमच्यात भांडण म्हणून नाही, असे तो मित्रांना सांगे. आणि मित्र, ज्यांच्या घरी भांडी आपटत, हेव्याने मान हलवीत.

त्याने घरी फोन लावला. दिवसा तो कधी फोन करीत नसे, त्यामुळे तिने पहिल्याच घंटेला उचलला आणि काय झालं, तब्येत बरी आहे ना, असे विचारले. तब्येत बरी आहे, तो म्हणाला; आणि मग पुढचे वाक्य जुळवता न आल्याने थेट विचारले की ती संगीतशाळेची गोष्ट तिला आठवते का. पलीकडे नळ दुरुस्त करणाऱ्याचा पाना ऐकू येत होता.

“आत्ता? इथे स्वयंपाकघरात तळं झालंय, आणि तुम्हाला आत्ता आठवलं?”

“तू तेव्हा काहीच बोलली नाहीस.”

“तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी टाचण काढून बसावं लागतं. कोण बसणार?”

“राग आला होता?”

ती हसली, त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, हे त्याला अधिक लागले. “यायचा की. मग मी गच्चीवर जाऊन चादरी झटकायचे. दोरीवर टाकून काठीनं बडवायचे. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, तुमच्या घरात धूळ फार हो. ठेवू का आता? हा माणूस विचारतोय मुख्य नळ कुठाय.”

फोन ठेवल्यावर त्याला चादरी आठवल्या. दर वर्षी त्या मधोमध विरत. त्याने दोन विरलेल्या चादरी पिशवीत घालून दुकानात नेल्या होत्या, कापडाच्या प्रतीबद्दल दुकानदाराशी पाऊण तास वाद घातला होता, ताण्याबाण्याचे धागे भिंगाखाली मोजून दाखवले होते. दुकानदाराने हात जोडून दोन नव्या चादरी दिल्या होत्या. त्या घेऊन तो विजयी मुद्रेने घरी आला होता. बायकोने त्या हातात घेतल्या, घडी मोडून पाहिली, आणि चांगल्या आहेत म्हणाली होती.

बारा वाजता तो धाकट्या मालकांच्या खोलीत गेला आणि उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी मधे तोंड घातले नाही. मग त्यांनी अहवाल मागवला, मागणीपत्र मागवले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे दाखवून दिले की मागणीपत्रात परतीचा आकडा पाच इतकाच लिहिला आहे, अहवालात तो तीन आहे, आणि तो खरोखर तीन आहे. अहवालातले एकही वाक्य खोटे नाही. किती पोचते हे त्यांनी विचारलेले नाही, आपण सांगितलेले नाही. पुढच्या खेपेला गाभा बदलू. काका, यात असत्य कुठं आहे ते मला दाखवा, असे म्हणून त्यांनी पेन त्याच्यापुढे ठेवले. तो कागदांकडे पाहत राहिला. मांडणी निर्दोष होती. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. प्रत्येक स्वतंत्रपणे खरा. ही पद्धत या पोराने कुणाकडून उचलली हे सांगायला नको होते. आणि भयंकर गोष्ट ही की त्याच्या मनाने, सवयीने, चौथा मुद्दाही पुरवला : अग्निशामक तसेही जोडीने आत जातात. ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. तो काहीच न बोलता बाहेर पडला, आणि आपण विरोध केला की संमती दिली हे जिना उतरेपर्यंत त्याला ठरवता येईना.

दलाचे एक अधिकारी चारऐवजी अडीचलाच आले. दाट मिशांचा, जाडजूड, हसरा गृहस्थ. मोठी लाल गाडी फाटकाशी उभी करून त्यांनी सांगितले की कागद त्यांनी वाचले आहेत पण त्यांना कागदावर झोप येते. एक संच घेऊन कुणीतरी तळघरात जा, मी गाडीवरच्या मोठ्या संचावरून बोलतो. तिथून ऐकू आलं की सही करतो आणि चहा पितो. धाकट्या मालकांनी शिपायाकडे पाहिले. शिपायाच्या आधी तो स्वतःच पुढे झाला आणि पेटीतला वरचाच संच त्याने उचलला. मी जातो, एवढेच म्हणाला.

तळघर दोन मजले खाली होते. वर गाड्या ठेवीत, खाली जुनी यंत्रे आणि पाण्याच्या टाक्या. दिवा होता, पण एकच. भिंती जाड, आणि त्यांना ओल आलेली. त्याने पाठ टाकीला टेकवली, वरची वाहिनी लावली आणि वाट पाहिली. गाडीवरच्या संचाचा आवाज स्वच्छ आला, जणू अधिकारी शेजारीच उभे होते. साहेब, पोचलात का? त्याने कळ दाबून पोचलो म्हटले आणि कळ सोडली. साहेब, पोचलात का? त्याने पुन्हा सांगितले. मग चिमटीचा आवाज आला : सर, बोलत असाल तर ऐकू येत नाहीये. जरा जागा बदला. तो चार पावले सरकला, बोलला, थांबला. सर? सर, काहीतरी बोला. त्यांना वाटत होते की तो गप्प आहे. गप्प असलेल्या माणसाला समजावतात तशा सुरात ते त्याला समजावीत होते. त्याला त्यांचे सगळे ऐकू येत होते : अधिकाऱ्यांचे खोकणे, मागे धाकटे मालक काहीतरी म्हणाले ते, रस्त्यावरचा भोंगा. त्याच्या लक्षात आले की धुराने भरलेल्या अशा खोलीत एखादा तरुण असाच उभा असेल, वर जिना कोसळला आहे एवढे सांगण्यासाठी त्याच्यापाशी एकच श्वास असेल, आणि वरचे लोक अत्यंत प्रेमाने त्याला म्हणत असतील, काहीतरी बोल. त्याने कळ दाबली, आणि या खेपेला सोडली नाही. हा संच दीड वॅटाचा आहे, तो म्हणाला, तुम्हाला वाटतो तसा चारचा नव्हे. गाभा मी निवडला. तिने विचारलं होतं, मी तिला गप्प केलं. मला माहीत होतं. पूर्ण नव्हे, पण विचारायला पुरेल इतकं माहीत होतं. मला तो आकडा हवा होता. तो बोलत गेला. वाक्ये अर्धवट राहू लागली, व्याकरण सुटले, एका ठिकाणी आवाज चिरकला. हातातला संच गरम होत होता. शेवटी त्याने कळ सोडली. क्षणभर खरखर झाली आणि चिमटीचा आवाज आला : सर, अजून काहीच नाही.

तेव्हा त्याला कळले की हे सगळे पुन्हा, उजेडात, माणसांच्या तोंडाकडे बघत बोलावे लागणार आहे. आणि खाली जे बोलणे जमले ते वर जमेलच याची मुळीच खात्री नाही. तो जिना चढू लागला. पहिल्या वळणावर मुद्दे जुळू लागले : मर्यादा आदर्श घटकांना, तळघर ही टोकाची परिस्थिती, मागणीपत्रात जमिनीखालच्या वापराचा उल्लेख नाही. दुसऱ्या वळणावर त्याने कठडा धरला. श्वास पुरत नव्हता. वर उन्हात तिघे उभे होते, आणि त्याला पाहताच धाकट्या मालकांनी दोन पावले पुढे येऊन, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले की बॅटरी उतरली असणार, काका, रात्रभर भरायला ठेवायची राहिली. अधिकाऱ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. आमच्याकडे पण असंच होतं, ते म्हणाले. दार उघडे होते. त्यातून फक्त जायचे होते, बोलण्याचीही गरज नव्हती.

“बॅटरी भरलेली आहे,” तो म्हणाला. “संच असाच आहे. चाळीसच्या चाळीस असेच आहेत. अहवालावरची सही मी मागे घेतो.”

धाकट्या मालकांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. अधिकारी मिशीवरून हात फिरवत आळीपाळीने दोघांकडे पाहत होते. मग त्यांनी, आता आवाजात हसू नव्हते, विचारले की असाच म्हणजे कसा. आणि त्याच्या आत सगळी यंत्रणा सज्ज झाली : व्याख्या, मर्यादा, बादली, परात. त्याने तोंड उघडले, आणि मिटले.

“हिला विचारा,” तो म्हणाला. “हिला गुरुवारीच दिसलं होतं.”

चिमटीने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात कृतज्ञता वगैरे काही नव्हती, बहुधा भीती होती, आणि थोडा राग. मग ती अधिकाऱ्यांकडे वळून सांगू लागली. वाईट सांगत होती. सुरुवात मधूनच केली, काळ्या गाभ्याचे वजन सांगत बसली ज्याची जरुरी नव्हती, मर्यादेचे विधान तिने उलटेच मांडले आणि स्वतःच अडखळून सावरले. परतीचा आकडा तीन होता, तो ती साडेतीन म्हणाली. साडेतीन नव्हे, तीन, दशांशानंतर शून्य. शब्द त्याच्या घशात आले. अधिकारी कान देऊन ऐकत होते, मधूनमधून प्रश्न विचारत होते, आणि ती प्रत्येक प्रश्नाला थोडी अधिक सरळ उभी राहत होती. तो संच दोन्ही हातांत धरून, ओठ घट्ट मिटून, तिच्या शेजारी उभा राहिला.